आवाज बसला तेव्हा मनही बसलं होतं

मे महिन्यात गोव्यात कुणी चादर ओढून झोपत नाही, मी झोपत होतो. पंखा दोनवर ठेवला तरी मला सोसायचा नाही आणि शेजारी बायको घामाने भिजून कूस बदलत असायची, मुलगी तर उशी उचलून बाहेर सोप्यावर झोपायला जायची कारण बाबा पंखा लावू देत नाहीत. फोंड्याला मी एका पतसंस्थेत कॅशवर बसतो, तिथे एसी आहे, तर मी तिथे जाकीट घालून बसायला लागलो. येणारे लोक विचारायचे ताप आहे का, मी म्हणायचो नाही हो, असंच जरा. हे असंच जरा म्हणत म्हणत मी जवळजवळ दीड वर्ष काढलं. आज हे लिहितोय ते त्या दिवसांबद्दल, कारण असंच जरा म्हणत बसलेलं दुसरं कुणीतरी नक्की असणार, आणि तो पुरुष असेल तर अजून घरात कुणाशी धड बोललाही नसेल.

मला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी लागेल तेवढं हार्मोन बनवत नाही. त्यात माझा प्रकार हाशिमोटोचा. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उठते आणि हळूहळू तिला निकामी करते. जपानच्या हाकारू हाशिमोटो नावाच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये अशा ४ रुग्णांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, चारही बायका होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की माझा आवाज जातोय.

आमचा गाव माशेलच्या बाजूला. आमच्याकडे भजन हा कार्यक्रम नसतो, तो आठवड्याचा भाग असतो, जसा बाजार असतो तसा. देवळात दर शनिवारी रात्री भजन, श्रावणात सप्ताह, कार्तिकात दिंडी, चवथीला, म्हणजे गणपतीत, घरोघर घुमट आरती, घुमट म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य. मी सहावीत असल्यापासून झांज धरली आणि वीस-बावीस वर्षांचा झाल्यापासून गायला लागलो. माझी पट्टी काळी दोन. ती हळूहळू खाली उतरत पांढरी दोनवर आली, मग पांढरी एकवर, आणि एका शनिवारी गजर चढवताना वरचा सूर लागलाच नाही, नुसती हवा आली. आवाज जाड झाला होता, खरखरीत, जीभ तोंडात मोठी झाल्यासारखी वाटायची. पखवाजवाले काका आमच्यात सगळ्यात मोठे, ते बाहेर आल्यावर म्हणाले, "कितें रे, आवाज खंय गेलो तुजो?" त्यांनी मायेने विचारलं होतं पण मला ते इतकं लागलं की मी पुढच्या शनिवारी गेलोच नाही. आणि मग त्याच्या पुढच्याही नाही.

इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण लोक विचारतात की मूड गेला म्हणजे नेमकं काय होतं. मला रडू येत नव्हतं. दुःखही नव्हतं म्हणा, दुःखाला निदान काहीतरी कारण असतं. खाडीकाठच्या खाजन शेतातलं पाणी ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, निघून जातं आणि मागे नुसता चिखल राहतो, तसं आतून सगळं निघून गेल्यासारखं झालं होतं. मुलगी शाळेतून आली की धावत येऊन काहीतरी सांगायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघत असायचो, शब्द ऐकू यायचे पण आत पोचायचे नाहीत. एकदा तिने चित्र काढून आणलं, आमचं घर, दारात तुळस, आणि सोप्यावर तिघं माणसं. आई, आजी आणि ती. मी विचारलं बाबा कुठे? ती म्हणाली, बाबा आत झोपलाय ना. तिच्या मनात काही नव्हतं, तिने जे बघितलं ते काढलं. ते चित्र मी माझ्या कपाटात ठेवलंय.

आणि डोकं चालेना. कॅशवरच्या माणसाचं डोकं चाललं नाही तर काय होतं ते बँकेतल्या लोकांना सांगायला नको. मी नोटा मोजत असायचो आणि सदुसष्टपर्यंत येऊन विसरायचो की सदुसष्ट की सत्त्याहत्तर. दोनदा संध्याकाळी कॅश कमी भरली, एकदा तर २००० रुपये, ते मी खिशातून घातले आणि घरी सांगितलं नाही. आपण आता बिनकामाचे झालो, एवढं एकच वाक्य दिवसभर डोक्यात फिरायचं. वजन वाढत होतं, जेवण तर कमी झालेलं. पोट साफ नाही, हातापायाची कातडी खडबडीत, केस विंचरले की कंगव्यात. बारा-बारा तास झोपून उठलो तरी दमलेला.

पहिल्या डॉक्टरकडे गेलो तिथे त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाले टेन्शन घेऊ नका, सकाळी फिरायला जा. रक्त तपासलं नाही. मी फिरायला गेलो, चार दिवस, पाचव्या दिवशी पलंगावरून उठवेना तर वाटलं बघा, एवढंही आपल्याला जमत नाही. त्या डॉक्टरांबद्दल आज राग नाही पण टेन्शन घेऊ नका हे वाक्य कुणाला बोलण्याआधी एक साधी रक्ततपासणी करायला हवी असं मला मनापासून वाटतं. आईने देवळात प्रसाद घेतला, म्हणजे देवाला कौल लावला, पाकळी उजवीकडून पडली, तिला बरं वाटलं, मी तिला अडवलं नाही. तिला माझ्यासाठी जे करता येत होतं ते ती करत होती.

आजार पकडला गेला तो आवाजामुळे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि बायको मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तिने माझं ऐकलंच नाही, रिक्षा बोलावून मोकळी. त्यांनी दुर्बिणीने घसा बघितला, स्वरयंत्राच्या पट्ट्या थोड्या सुजल्यासारख्या दिसल्या, मग मानेवर हात फिरवला, थंडी वाजते का विचारलं, पोटाचं विचारलं आणि म्हणाले की हे घशाचं वाटत नाही, उद्या उपाशीपोटी रक्त द्या आणि फिजिशियनना भेटा. फिजिशियन बाईंनी मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल खाली उडालं पण परत यायला वेळ लागला, अगदी हळूहळू, जणू पाण्याखाली चाललंय. बायको बघत होती. डॉक्टर म्हणाल्या, "हे बघा, यांचं सगळं शरीर असं हळू चाललंय, मनसुद्धा." मनसुद्धा हा शब्द मी पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून ऐकला आणि तेव्हा मात्र माझ्या डोळ्यात पाणी आलं, कित्येक महिन्यांनी.

टीएसएच आलं ६१. साधारण ४ च्या आसपास वरची मर्यादा असते. अँटी टीपीओ अँटीबॉडी, म्हणजे ग्रंथीवर उठलेल्या प्रतिकारशक्तीची खूण, खूप वाढलेल्या, म्हणून हाशिमोटो. टीएसएच म्हणजे काय ते मला माझ्या भाषेत असं समजलं. भजनात बुवा ओळ देतो, मागच्यांनी ती उचलायची असते. मागचे गप्प राहिले तर बुवा तीच ओळ आणखी जोराने देतो, मग आणखी जोराने. मेंदूच्या खाली पिट्युटरी ग्रंथी आहे ती म्हणजे बुवा, थायरॉईड म्हणजे मागचे टाळकरी, आणि तो वाढत गेलेला ओरडा म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी थंड पडली की आकडा खाली न येता वर चढतो. हे एकदा असं कळल्यावर मला रिपोर्ट वाचायची भीती राहिली नाही.

मग सुरू झालं लोकांचं. मासे खाणाऱ्या गोंयकाराला थायरॉईड कसा, आयोडीन तर समुद्रात भरपूर. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या की तुमचा आजार आयोडीन कमी पडल्यामुळे आलेला नाही, उलट आयोडीनच्या गोळ्या नाहीतर समुद्री शेवाळाच्या पावडरी आपल्या मनाने घेऊ नका, हाशिमोटोत त्याने बिघडू शकतं. मासे खा, साधं आयोडीनचं मीठ खा. कुणी म्हणालं कोबी-फ्लॉवर बंद कर, तर शिजवून रोजच्यासारखा खाल्लेला कोबी काही करत नाही. पण सगळ्यात जास्त जे ऐकावं लागलं ते म्हणजे, हा तर बायकांचा आजार ना? आमच्या ऑफिसात एकाने हसत हसत विचारलं होतं. खरंय, बायकांना हा पुरुषांपेक्षा कितीतरी पटीने जास्त होतो. पण होतो तो पुरुषांनाही, आणि बायकांचा म्हणून हसायचं काय त्यात, माझी बहीण सात वर्षं गोळी घेतेय हे मला या निमित्ताने कळलं, आणि तिने सात वर्षं काय काय एकटीने सोसलं हे मी कधी विचारलंच नव्हतं याची मला फार लाज वाटली. त्या रात्री तिला फोन केला, आम्ही दीड तास बोललो. ती म्हणाली, "दादा, पहिले चार महिने मला वाटायचं मी वाईट आई आहे, मग कळलं की माझं औषध कमी पडतंय."

गोळीबद्दल सांगतो कारण यात मी चुका केल्या. लेव्होथायरॉक्सिन ही गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. हे लिहायला सोपं आहे. आमच्याकडे सहाच्या सुमारास पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, पों पों भोंगा वाजला की आई पिशवी घेऊन दारात, आणि गरम उंडे आणि चहा हे माझं लहानपणापासूनचं. पहिला महिना मी गोळी आणि चहा एकत्रच घेत होतो, कुणी नीट सांगितलंच नव्हतं असं म्हणणार होतो पण चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. मग पाच वाजताचा गजर लावला, गोळी घेऊन परत आडवा व्हायचं, भोंगा वाजेपर्यंत तास झालेला असतो. बायको माझ्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणायची, त्याही मी सकाळीच घ्यायचो, तर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या या गोळीपासून ४ तास लांब ठेवायच्या असतात नाहीतर औषध पोटात नीट शोषलं जात नाही. आणि पावसाळ्यात मी आठवड्याच्या गोळ्या काढून प्लास्टिकच्या डबीत भरून ठेवल्या, खिडकीपाशी. आपल्याकडे जुलैत मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, ही गोळीही दमट हवेने खराब होते. मेडिकलवाल्याने सांगितलं, मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट, कपाटात. बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठीच्या गोळ्या कुणी घेत असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आणि ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नाही, तिचा परिणाम आठवड्यांनी मोजायचा असतो. शरीरातलं निम्मं औषध जायलाच साधारण ७ दिवस लागतात, म्हणून डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी परत रक्त तपासतात, त्याआधी तपासून काही कळत नाही. ५० मायक्रोग्रॅमवरून ७५, मग १००. त्या वर्षी चवथीला माझं टीएसएच १९ वर होतं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, दरवर्षी मी बांधायचो, रानात जाऊन कांगलां आणायची, सुपारीचं शिपटं, चिबूड, तोरिंगां, नारळाची पेंड. त्या वर्षी चुलतभावाने बांधली आणि मी आतल्या खोलीत पडून बाहेरची आरती ऐकत होतो. घुमटाचा आवाज भिंतीतून छातीत येत होता. लोक म्हणतात घुमट ऐकलं की अंगात येतं, २०१९ मध्ये तर सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, आणि मला त्या आवाजाचं काहीही वाटत नव्हतं. त्या दिवसाइतका मी कधीच घाबरलो नाही.

ऑक्टोबरमध्ये रिपोर्ट आला, ३.२. नॉर्मल. सगळे खूष. थंडी गेली होती, पोट सुधारलं होतं, पाऊल हातोडीवर पटकन परत आलं. घरी आईने गोड केलं. आणि मी त्या रात्री जागा राहून विचार करत होतो की रिपोर्ट नॉर्मल आला तरी मी अजून तिथेच आहे. आतापर्यंत निदान एक कारण होतं हातात, औषध कमी आहे, डोस वाढेल, बरं वाटेल. आता ते कारणही गेलं. म्हणजे हा मीच आहे का असा?

हीच गोष्ट सांगायला मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. थायरॉईडमुळे मन खाली जातं हे डॉक्टर लोकांना कधीपासून माहीत आहे. १८९१ मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं, ती त्यानंतर २८ वर्षं जगली. १९४९ मध्ये लंडनच्या रिचर्ड अॅशर यांनी १४ रुग्णांबद्दल लिहिलं ज्यांचं मन थायरॉईडमुळे पार बिघडलं होतं आणि त्यातले बरेच जण थायरॉईडच्याच औषधाने सुधारले. मी हे वाचून वाचून स्वतःला सांगत होतो की गोळीने होईल. कुणाचं नुसत्या गोळीने होतंही. पण दीड वर्षात मी जे जे सोडून दिलं होतं, भजन, मित्र, मुलीचा अभ्यास, रविवारचा बाजार, ते काही गोळी परत आणून देत नव्हती. शरीर वर आलं होतं आणि मन ज्या सवयीने खाली बसलं होतं ती सवय तशीच होती.

फिजिशियन बाईंनी आधी बी१२ आणि हिमोग्लोबिन तपासलं, हाशिमोटोवाल्यांत बी१२ कमी असू शकतं, माझं थोडं कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली. मग त्यांनी एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. मी तो नंबर तीन आठवडे पाकिटात घेऊन फिरलो.

त्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक कागद दिला, ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यात किती दिवस असं वाटलं, प्रत्येकाला ० ते ३ गुण. माझे झाले २७ पैकी १६. नववा प्रश्न असतो की जगणं नको वाटलं का. मी पेन धरून बराच वेळ बसलो आणि काही दिवस यावर खूण केली. वाटलं आता या घाबरतील, बायकोला फोन करतील. त्या घाबरल्या नाहीत. सरळ विचारलं, कधी, काय वाटलं, काही करायचं ठरवलं होतं का. मी सांगितलं ठरवलं नव्हतं पण रात्री कुंभारजुव्याच्या पुलावरून येताना स्कूटर थांबवून उभा राहिलो होतो. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. त्यांनी मला बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात, मानसोपचार डॉक्टरांना भेटायला लावलं, आणि १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालायला लावला, टेली-मानसचा, ही मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाईन, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट. तुम्ही वाचत असाल आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर तुमचंही तसंच असेल तर आत्ता हे वाचणं थांबवून आधी त्या नंबरवर बोला. खरंच.

बांबोळीला जायचं म्हटल्यावर आई रडली. आपल्याकडे अजून तसंच आहे, तिथल्या गेटवर कुणी बघितलं तर गावात काय म्हणतील. मी तिला सांगितलं की हे हॉस्पिटल १९५७ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याला आबे फारियाचं नाव होतं. तोच आपल्या कांदोळीचा, १७५६ साली जन्मलेला, पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला ज्याचा हात पसरलेला पुतळा आहे. मनावर शब्दाचा परिणाम कसा होतो ते त्याने पॅरिसमध्ये जाऊन लोकांना दाखवलं. मग आपल्याच लोकांनी मनाच्या डॉक्टरकडे जायला का लाजायचं. आई गप्प झाली, आणि मग म्हणाली मी येते तुझ्याबरोबर. आली. बाकावर माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिथे आमच्याच बाजूचे दोघं भेटले, त्यांनी मान हलवली, आम्हीही हलवली. डॉक्टरांनी थायरॉईडचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून बघितले, म्हणाले सध्या समुपदेशन चालू ठेवा, महिन्याने बघू गोळी लागते का. मला लागली नाही. लागली असती तर घेतली असती, एक गोळी घेतोच आहे.

आता त्या समुपदेशक बाईंनी काय केलं ते. मला वाटलं होतं माझं लहानपण विचारतील. त्यांनी वही आणायला सांगितली, रेघा मारायच्या, वेळ, काय केलं, आणि करून झाल्यावर कसं वाटलं दहापैकी. बस. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत झोपलो, झोपलो, मोबाईल, झोपलो, आणि पुढे २, १, २, १. एका ओळीत मात्र ४ होते. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, विहिरीवरून पाणी काढलं, पंप बंद होता. बघा, त्या म्हणाल्या, हे करायची तुम्हाला इच्छा होती का? नव्हती, पाणी नव्हतं म्हणून काढलं. मग ४ कुठून आले?

मी तोपर्यंत असं धरून चाललो होतो की मन लागलं की मी भजनाला जाईन. त्या म्हणाल्या उलटं करा, आधी जा, मन मागाहून येतं, कधी येणारही नाही पण तुम्ही जा. मन खाली गेलं की माणूस कामं सोडतो, कामं सोडली की त्यातून मिळणारा आनंद बंद होतो, म्हणून मन आणखी खाली जातं, हे चक्र मनाच्या बाजूने फिरवता येत नाही, हातापायाच्या बाजूने फिरवता येतं. आणि मला फार बरं वाटलं ते हे ऐकून की ही पद्धत आपल्याच गोव्यात तपासलेली आहे, संगाथ संस्थेच्या लोकांनी, १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर, २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या साप्ताहिकात ते छापून आलं. समुपदेशन करणारे कुणी डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं, आणि ६ ते ८ भेटीत लोकांना फरक पडला. आपल्या आरोग्य केंद्राच्या बाकावर बसणारी आपल्यासारखीच माणसं होती ती, म्हणून मला वाटलं माझंही होईल.

पण गाणं नको, त्यांनी सांगितलं, गाणं मोठं आहे. लहान काय आहे? मी म्हटलं झांज. मग ठरलं की शनिवारी जायचं, गायचं नाही, मागे बसायचं, फक्त झांज धरायची, आणि अर्ध्या तासाने उठून आलं तरी चालेल.

त्या शनिवारी सव्वासातपर्यंत मी पलंगावरच होतो. अंगात शिसं भरल्यासारखं. बायको काही बोलली नाही, तिने माझी झांज फडताळातून काढली, दोरी कुजली होती म्हणून नवीन सुतळी ओवली आणि माझ्या हातात दिली. मी गेलो. मागे खांबाला टेकून बसलो. पखवाजवाल्या काकांनी बघितलं, काही विचारलं नाही, हाताने नुसतं पुढे सरक अशी खूण केली. मी पुढे सरकलो नाही. पहिली वीस मिनिटं काहीच वाटलं नाही, चवथीला वाटलं नव्हतं तसंच. झांजेचा हात मात्र आपला आपण चालत होता, लहानपणापासूनचा तो, त्याला मला विचारावं लागत नव्हतं. गजराची लय वाढली तेव्हा काकांचा हात थापेवरून सुटला आणि एक क्षण मी आणि ते नेमके एकाच मात्रेवर पडलो, ते माझ्याकडे बघून हसले. तेवढंच. घरी येऊन वहीत लिहिलं, भजन, झांज, ५.

नंतर कार्तिकात दिंडीत चाललो. मुलीचा पाढ्यांचा अभ्यास रोज पंधरा मिनिटं, तो पहिले कित्येक दिवस ३ वरच होता, तरी लिहीत राहिलो. ऑफिसात मॅनेजरना सरळ सांगितलं की मला हा आजार आहे, संध्याकाळी कॅश दोघांनी मोजूया, ते लगेच हो म्हणाले, मी उगाच दीड वर्ष लपवलं. बहिणीला दर बुधवारी फोन, आम्ही दोघं एकमेकांना टीएसएच सांगतो. पुढच्या मे महिन्यात एका रात्री मला घाम आला. मी उठून पंखा चारवर केला आणि मुलीला सोप्यावरून उचलून आत आणलं, ती झोपेतच होती, जड झाली होती वर्षभरात.

त्या चवथीला माटोळी मी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी एक आरती म्हटली, पांढरी दोनवर. काळी दोन अजून लागत नाही. कदाचित लागणारही नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय, तेही खरंच आहे.

गोळी आता बहुतेक जन्मभर. मधेमधे मन उतरतं, विशेषतः जुलैत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही तेव्हा, मग मी दोन गोष्टी बघतो, गोळी नीट घेतोय का आणि वहीत काय लिहिलंय. हा आठवडा बरा नाही गेला. वहीत ३ आणि २ च जास्त आहेत, मंगळवारी तर काही लिहिलंच नाही. सोमवारी रक्त द्यायचंय. आज शनिवार, बाहेर धो धो पाऊस आहे, सव्वासात वाजलेत आणि अजिबात जावंसं वाटत नाहीये. झांज पिशवीत घातलीय, मुलगी म्हणतेय तीही येणार, छत्री शोधतेय.